किटली, पत्र्याची बोट आणि आठवणीचा पुरावा

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसची सुरुवात एका पत्र्याच्या बोटीने होत होती. विषय होता चाकण पट्ट्यातल्या गावांमध्ये लोकांची यंत्रांशी ओळख कशी होते आणि कुणाकडून होते. पहिल्याच परिच्छेदात मी लिहिलं होतं की महाळुंग्यात आमच्या विहिरीशेजारच्या हौदात बाबांनी काडी ओढून एक छोटी बोट पेटवली, ती फट् फट् करत सरळ पलीकडच्या काठाला गेली, आणि माझं कुतूहल तिथून सुरू झालं. (महाळुंगे म्हणजे बालेवाडीजवळचं नव्हे. खेड तालुक्यातलं, चाकणजवळचं महाळुंगे इंगळे. हा घोळ मला प्रत्येक फॉर्म भरताना निस्तरावा लागतो.) गाईडनी परिच्छेद वाचला आणि म्हणाल्या, "छान लिहिलंयस. पुरावा काय?"

मला राग आला. माझ्या लहानपणाला पुरावा कसला मागता?

तो राग जायला दीड वर्ष लागलं. आज त्याच परिच्छेदाचं परीक्षण करायला बसले आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काहींची प्रस्तावना लिहून चालू आहे, आणि मला येणाऱ्या मेलमधल्या निम्म्या प्रस्तावना "माझ्या लहानपणी" या शब्दांनी सुरू होतात. त्यात वाईट काही नाही. पण बालपणीची आठवण हाही एक मजकूर असतो, आणि कविता किंवा कादंबरी वाचताना आपण जी कसून चौकशी करतो ती या मजकुरालाही लावता येते. खेळण्यातलं वाफेचं इंजिन हे त्यासाठी फार चांगलं उदाहरण आहे, कारण त्याच्याभोवती दोन-अडीचशे वर्षांच्या आठवणी साचल्या आहेत आणि त्या आश्चर्य वाटावं इतक्या एकसारख्या आहेत.

आधी वस्तू बघू. इंग्लंड-जर्मनीत खेळण्यातलं वाफेचं इंजिन म्हणजे पितळी बॉयलर, पिस्टन, गरगर फिरणारं चाक, वर शिट्टी. जर्मनीत न्यूरेंबर्गची बिंग कंपनी, नंतर विलेस्को, इंग्लंडात बर्मिंगहॅमची मामॉड (सुरुवात 1937). ही इंजिनं स्पिरिटच्या दिव्यावर चालायची. 1970 च्या दशकात मामॉडने सुरक्षिततेसाठी स्पिरिट सोडून घन इंधनाच्या वड्या वापरायला सुरुवात केली. आमच्या गावात यातलं एकही नाव कुणी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे होती ती यात्रेत मिळणारी पत्र्याची बोट. कुणी तिला आगबोट म्हणतं, आम्ही फटफट बोट म्हणायचो. वितभर लांबीचा रंगवलेला पत्रा, आत चपटी डबी, डबीतून मागे पाण्यात उतरणाऱ्या दोन बारीक नळ्या, आणि खाली सरकवायला एक पत्र्याचं पळीसारखं ताटलं. त्यात तेल आणि वात.

दिसायला क्षुल्लक वाटते, पण हीसुद्धा वाफेचं इंजिनच आहे, आणि माझ्या मते मामॉडपेक्षा जास्त चतुर. तिच्यात पिस्टन नाही, झडप नाही, चाक नाही. डबीतलं थेंबभर पाणी तापून वाफ होते, वाफ नळ्यांमधलं पाणी मागे ढकलते, बोट पुढे सरकते. पण वाफ नळीच्या थंड भागात पोचली की तिचं परत पाणी होतं, आत दाब कमी होतो आणि बाहेरचं पाणी पुन्हा नळीत ओढलं जातं. हे एका सेकंदात अनेकदा होतं. डबीचं वरचं पातळ झाकण प्रत्येक वेळी आत-बाहेर लवतं, तोच फट् फट् आवाज. मग पाणी बाहेर जातं तेवढंच आत येतं, तरी बोट मागे का येत नाही? कारण बाहेर पडणारं पाणी एका दिशेने, धार बनून जातं आणि आत येणारं पाणी नळीच्या तोंडाशी सगळ्या बाजूंनी गोळा होतं. या बोटीचं पहिलं पेटंट साधारणपणे थॉमस पियो या फ्रेंच माणसाच्या नावे सांगतात, इंग्लंडात 1891 साली घेतलेलं. लवणाऱ्या झाकणाच्या रचनेसाठी चार्ल्स मॅक्‌ह्यू या अमेरिकनाने 1915 मध्ये अर्ज केला. ती आळंदीच्या कार्तिकी यात्रेपर्यंत कुठल्या वाटेने आली, हा कुणीतरी करावा असा स्वतंत्र प्रबंध आहे.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. बोटीचं अर्धं काम वाफेच्या ढकलण्याने होतं, उरलेलं अर्धं वाफ थंड होण्याने.

आता आठवणी. मामॉड किंवा विलेस्कोबद्दल ज्यांनी लिहिलंय त्यांचं लेखन मी बरंच वाचलं. दहाएक वाचल्यावर अकरावी न वाचताच सांगता येते. ख्रिसमसची सकाळ. खोकं. वडील. स्वयंपाकघरातलं टेबल. स्पिरिटचा वास, गरम तेलाचा वास. पहिली शिट्टी. टेबलावर पडलेला जळका डाग आणि आईचं रागावणं. मग शेवटी: मी आज इंजिनीअर आहे तो त्या दिवसामुळे.

या आठवणी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. वास तर मलाही खरा वाटतो. पण इतक्या वेगवेगळ्या घरांत, इतक्या वेगवेगळ्या वर्षी एकच पटकथा कशी घडते? मग आपल्या हातात असलेली गोष्ट 1955 सालची सकाळ नसून ती सकाळ सांगण्याची तयार रीत आहे, हे मान्य करावं लागतं. आणि रीत कळली की तिच्यात कोण बसत नाही तेही दिसतं. आई डाग पुसायला येते, इंजिन चालवायला येत नाही. मुली जवळजवळ नाहीतच. हे फक्त आठवणाऱ्यांचं पाप नाही. मेकॅनोसारख्या खेळण्यांच्या जाहिराती उघडउघड मुलग्यांना उद्देशून असायच्या. म्हणजे आठवणीची चौकट खेळण्याबरोबर खोक्यातच आली होती. आणि ज्यांच्याकडे तसंच इंजिन होतं, पण जे इंजिनीअर झाले नाहीत, त्यांनी तर लिहिलंच नाही. आकडेवारी शिकलेल्यांना हा घोटाळा लगेच कळेल: यशस्वी झालेल्यांनाच कारण विचारलं की कारण नेहमी सापडतंच.

या सगळ्या पटकथांची आजी म्हणजे जेम्स वॅटची किटली.

ती आपल्याला सगळ्यांना शाळेत भेटली आहे. लहान जेम्स चुलीपाशी बसलाय, किटलीचं झाकण वाफेने थडथडतंय, त्याच्या मनात येतं, अरे, या वाफेत केवढी ताकद! आणि त्यातून वाफेच्या इंजिनाचा शोध लागतो. पहिली अडचण सरळ आहे. वॅटचा जन्म 1736 चा, आणि थॉमस न्यूकमनचं इंजिन 1712 पासून खाणीतलं पाणी उपसत होतं. म्हणजे वॅट जन्मायच्या आधी चोवीस वर्षं इंजिन कामाला लागलेलं होतं. पण हे सगळ्यांना माहीत असतं, क्विझमध्ये विचारतात. मला त्यापेक्षा किटलीची गोष्ट आली कुठून यात जास्त रस आहे.

ती आली वॅटच्या मावस-चुलत नात्यातल्या मॅरियन कॅम्पबेल या बाईंनी 1798 मध्ये सांगून लिहून घेतलेल्या टिपणातून. तेव्हा वॅट बासष्ट वर्षांचा, प्रसिद्ध आणि श्रीमंत. प्रसंग कित्येक दशकांपूर्वीचा. टिपण वॅटच्या कुटुंबाकडे राहिलं, आणि वॅटच्या मृत्यूनंतर (1819) त्याच्या मुलाच्या प्रयत्नांतून ते फ्रेंच शास्त्रज्ञ आरागोपर्यंत गेलं. आरागोने वॅटवरच्या गौरवपर भाषणात ते वापरलं, 1839 मध्ये ते छापलं गेलं आणि किटली जगभर झाली. डेव्हिड फिलिप मिलर या इतिहासकाराने 2004 मध्ये या किटलीवर एक अख्खा शोधनिबंध लिहिला आहे, जमला तर जरूर वाचा. त्या काळात पाण्याची रासायनिक घडण आधी कुणी ओळखली, वॅटने की हेन्री कॅव्हेंडिशने, असा मोठा वाद चालू होता, आणि वॅटच्या मुलाला बापाची बाजू लढवायची होती. म्हणजे त्या आठवणीला त्या वेळी एक नेमकं काम होतं.

पण सगळ्यात गंमत मूळ टिपणात आहे. त्यात झाकण वाफेने उडत नाही. मावशी पोराला ओरडतेय की तासभर एक शब्द न बोलता नुसता बसलायस, झाकण काढतोस, ठेवतोस, कधी कप तर कधी चांदीचा चमचा वाफेवर धरतोस आणि जमलेले थेंब बघत बसतोस. म्हणजे तो मुलगा वाफेची ताकद बघत नव्हता, वाफेचं पाणी होताना बघत होता! मार्कस स्टोनने 1863 मध्ये या प्रसंगाचं चित्र काढलं त्याच्या नावातसुद्धा वाफेचं पाणी होणंच आहे. थडथडणारं झाकण पुढच्या सांगणाऱ्यांनी पुढे आणलं, कारण ते वर्गात सांगायला सोपं, नाट्यमय, आणि मुलांना लगेच पटणारं.

या बदलाने भौतिकशास्त्र उलटं झालं. न्यूकमनचं इंजिन वाफेच्या ढकलण्यावर चालतच नव्हतं. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, आत थंड पाण्याचा फवारा मारायचा, वाफेचं पाणी झालं की आत पोकळी तयार व्हायची आणि बाहेरची हवा पिस्टन खाली दाबायची. वॅटची मोठी सुधारणाही याच थंड होण्याबद्दलची होती. मुख्य सिलिंडर सतत गरम राहू दे, वाफ थंड करायचं काम वेगळ्या भांड्यात करू. आपल्या शाळेत पोचलेली किटली नेमका हा अर्धा भाग गाळून टाकते. आळंदीच्या यात्रेतली दहा-वीस रुपयांची बोट तो भाग गाळत नाही. वाफ नीट थंड झाली नाही तर ती जागची हलत नाही.

आणि खेळण्यातल्या इंजिनाचा वॅटशी खरंच संबंध होता. फक्त तो लहानपणी नव्हता. ग्लासगो विद्यापीठाकडे न्यूकमन इंजिनाचं एक छोटं प्रात्यक्षिक मॉडेल होतं. सिलिंडर जेमतेम दोन इंच व्यासाचा. ते नीट चालेना म्हणून 1763-64 च्या हिवाळ्यात दुरुस्तीसाठी वॅटकडे आलं. तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, विद्यापीठात उपकरणं बनवणारा कारागीर. मॉडेल दुरुस्त झालं तरी दोन-चार फेऱ्या मारून धापा टाकायचं. बॉयलरला वाफ पुरेना. का, हे शोधताना त्याच्या लक्षात आलं की सिलिंडर प्रत्येक फेरीत गार होतो आणि पुन्हा तापवण्यातच बरीचशी वाफ खर्ची पडते. लहान सिलिंडरमध्ये आतल्या जागेच्या मानाने भिंत जास्त, म्हणून तोटा जास्त दिसला. मोठ्या इंजिनात तो होताच, पण दडलेला. मग मोजमापं, प्रोफेसर जोसेफ ब्लॅकशी चर्चा, 1765 मध्ये वेगळ्या कंडेन्सरची कल्पना, 1769 चं पेटंट. ते मॉडेल आजही ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे.

नीट न चालणारं खेळणं, दुरुस्तीचं काम, तापमान आणि वजनं मोजण्याचे कंटाळवाणे महिने. यातलं काही चुलीपाशी बसलेल्या मुलाच्या चित्रात मावत नाही. किटलीच्या गोष्टीवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. ती कामाच्या जागी नियती ठेवते. आणि संशोधनात नवे येणाऱ्यांना ती फार घातक आहे, कारण त्यांना वाटतं आपल्याला लहानपणी कुठली किटली दिसली नाही म्हणजे आपण या लायकीचे नाही. मग ते प्रस्तावनेसाठी एक किटली तयार करतात.

मीही केली होती.

गाईडच्या प्रश्नानंतर मी चिडून आईला फोन केला, म्हटलं, हौदातली बोट आठवते ना तुला? आई म्हणाली, "हौदात? अगं, हौद कुठला तेव्हा? जमीन जाऊन तीन वर्षं झाली होती."

मी वाद घातला. मला हौद दिसत होता. शेवाळ दिसत होतं, पाण्यात पडलेली बाभळीची पानं दिसत होती. शेवटी संशोधक म्हणवून घेतोच आहोत तर कागद बघू म्हणून तलाठी कार्यालयात जाऊन जुन्या फेरफारांचा उतारा काढला. विहिरीचा तो तुकडा 1996 मध्ये संपादनात गेला. मी तेव्हा चार वर्षांची. बोट आणली ती आळंदीच्या कार्तिकी यात्रेतून, भाऊ पाचवीत असताना. ते वर्ष 1999. म्हणजे बोट आली तेव्हा विहीर कंपाउंडच्या आत, बुजवलेली. बोट आणि हौद माझ्या आयुष्यात एका वेळी असूच शकत नव्हते.

मग ती चालली कुठे? भाऊ म्हणाला, मागच्या सिमेंटच्या टाकीत. जमिनीचे पैसे आले तेव्हा गावातल्या बऱ्याच घरांप्रमाणे आम्हीही मागे ओळीने खोल्या बांधल्या आणि कंपन्यांत कामाला येणाऱ्या पोरांना भाड्याने दिल्या. त्या सहा खोल्यांसाठी ती टाकी होती. आणि बाबा? भाऊ हसायलाच लागला. "बाबांना ती जमलीच नाही. तीनदा पेटवली, पत्र्याचा रंग जळला, वास सुटला, मग म्हणाले, पैसे वाया गेले. चालवली ती चार नंबरच्या दादाने."

चार नंबरच्या खोलीत राहणारा एक तरुण. रात्रपाळी करायचा म्हणून दिवसा घरी. त्याने बोट गार होऊ दिली, उलटी धरली, तोंडात पाणी घेऊन एका नळीतून हळूहळू आत सोडलं, दुसऱ्या नळीतून बाहेर येईपर्यंत. मग बोट पाण्यात ठेवली आणि वात पेटवली. बाबांनी कोरडीच पेटवली होती. नळ्यांत आधी पाणी भरावं लागतं हे यात्रेतला विकणारा सांगतो, पण गर्दीत कोण ऐकतं. दादा भावाला म्हणाला होता की रिकामा बॉयलर कधी तापवायचा नाही. भावाला हे वाक्य पंचवीस वर्षांनी लख्ख आठवतं. तो आज एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आता यावरून तो त्या वाक्यामुळे मेंटेनन्सला गेला असं मी लिहिणार नाही, वरची सगळी पानं फुकट जातील.

मग माझी मूळ आठवण पुन्हा वाचली, परक्याचा मजकूर वाचावा तशी. आणि आधी न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. "सरळ पलीकडच्या काठाला गेली." या बोटी सरळ जात नाहीत. त्यांचं सुकाणू पत्र्याचं, किंचित वाकलेलंच असतं, त्या गोल गोल फिरतात. सरळ रेषेत काठाला जाते ती गोष्टीतली बोट. "बाबांनी काडी ओढली." पण वाक्यात पाणी भरणं नाही, जे नसेल तर बोट चालणं अशक्य. म्हणजे माझ्या आठवणीत कृतीचा सगळ्यात आवश्यक टप्पाच नव्हता. ज्याने ती कृती केली तो माणूस काढून टाकला, तशी कृतीही गेली. हे फेरफार न बघतासुद्धा, नुसत्या मजकुरावरून मला कळायला हवं होतं. बोट कशी चालते हे माहीत असलेल्या माणसाने माझा परिच्छेद वाचला असता तर तिसऱ्या ओळीला थांबला असता.

इथे काही जण म्हणतील, झालं, आठवणी अविश्वसनीय ठरल्या, आता आकडे घेऊया. मी तिकडे जात नाही. इटलीतल्या आलेस्सांद्रो पोर्तेल्लीने तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात कामगारांच्या मुलाखती घेतल्या. तिथे लुइजी त्रास्तुल्ली नावाचा एकवीस वर्षांचा कामगार 17 मार्च 1949 रोजी पोलिसांच्या गोळीबारात मेला. निदर्शनं होती नाटो कराराविरुद्धची. पण गावातले अनेक जण तो मृत्यू 1953 मध्ये घडला असं सांगायचे, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळी रस्त्यांवर झालेल्या झटापटींत. पोर्तेल्लीने ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही. त्याने विचारलं, सगळे एकाच दिशेने का चुकतात? त्याचं उत्तर साधारण असं की एवढा मोठा मृत्यू इतक्या लहानशा प्रसंगात वाया गेला हे गावाला सहन होत नव्हतं. म्हणून स्मृतीने तो त्यांच्या खऱ्या लढ्याच्या वेळी नेऊन ठेवला. चुकलेली तारीख हीच त्याची सर्वात मोलाची सामग्री झाली.

माझी बोट तीन वर्षं मागे आणि शंभर पावलं पलीकडे सरकली. का, याचं उत्तर मला फार आवडणारं नाही. मला माझी सुरुवात जमिनीवर, बाबांच्या हातून हवी होती. भाड्याच्या खोल्यांमागच्या टाकीत, बाहेरून आलेल्या भाडेकरूच्या हातून नको होती. आणि गंमत म्हणजे माझा विषयच हा आहे, की या पट्ट्यात कौशल्य कुणाकडून कुणाकडे जातं. सिनॉप्सिसच्या दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं की स्थानिक आणि बाहेरचे यांच्यातल्या रोजच्या देवाणघेवाणीकडे अभ्यासकांचं दुर्लक्ष झालंय. ते दुर्लक्ष पहिल्या पानावर मी स्वतः करून बसले होते.

आणि बाबांबद्दलही एक बोलायला हवं. त्यांना बोट जमली नाही हे मी इथे लिहिलंय, तर त्यांना विचारून लिहिलंय. ते म्हणाले, लिही, पण हेही लिही की विहिरीवरचं ऑइल इंजिन मी एकट्याने खोलून बसवायचो. हे खरं आहे. माझ्या आठवणीने त्यांना जे दिलं ते त्यांचं नव्हतं, आणि जे त्यांचं होतं ते कुठेच लिहिलं नव्हतं.

पडताळणीबद्दल एक इशारा. मी तिच्या इतकी आहारी गेले की एका नातेवाइकांनी "तळेगावला कोळशाच्या इंजिनाची पॅसेंजर धरायचो, सत्तरच्या दशकात" असं सांगितल्यावर मी लगेच वहीत "चूक" लिहिलं. पुण्यापर्यंतच्या मार्गाचं विद्युतीकरण 1930 पर्यंत झालं होतं, त्याच वर्षी डेक्कन क्वीन सुरू झाली. मग कोळशाचं इंजिन कुठून? घरी येऊन विचार केला तर हे गृहस्थ दौंडला सासुरवाडीला जायचे. पुण्याच्या पुढे दौंडकडे वाफेची इंजिनं पुढे कित्येक वर्षं होती. त्यांनी बहुधा एका प्रवासाचे दोन तुकडे एकत्र शिवले होते. मी "चूक" खोडून "तळेगाव + दौंड?" लिहिलं आणि दुसऱ्या भेटीत सासुरवाडीबद्दल विचारलं. त्यावर दोन तास बोलले. पहिल्या भेटीत वीस मिनिटंच बोलले होते.

आता चार नंबरचा दादा. त्याचं नाव भावाला आठवत नाही, आईला आठवत नाही. आम्ही त्याला दादा म्हणायचो, बाबा "अरे" म्हणायचे. आईकडे खोल्यांच्या भाड्याची वही अजून आहे, रोकडवहीसारखी लांबट, लाल पुठ्ठ्याची. ती मी मागच्या दिवाळीत काढली. नोव्हेंबर 1999 च्या पानावर आईच्या अक्षरात सहा ओळी आहेत. चौथी ओळ: "खो. 4, बीडवाले, 350, लाइट वेगळं." डिसेंबरला तेच, जानेवारीला तेच. फेब्रुवारी 2000 ला चारसमोर "रिकामी" आहे, आणि मार्चपासून दुसऱ्याच जिल्ह्याचं नाव.

सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद आता या चार महिन्यांच्या नोंदींनी सुरू होतो. बोट अजूनही माझ्या टेबलावर आहे, एक नळी डाखाशी सुटलेली.